नत्थूजींची अँबेसेडर

हेमराज कापगतेच्या तोंडून चांगलं वदवून घेणं म्हणजे रेड्याचं दूध काढणं. जवाहरनगरच्या फॅक्टरीत या गृहस्थाने उभी नोकरी तपासनिसाच्या टेबलावर काढली. माल समोर आला की त्यातली खोट हुडकायची आणि लाल खडूने फुली मारायची. तिथे ठीक होतं, त्याचाच पगार होता. पण निवृत्त होऊन तुमसरजवळच्या आपल्या गावी परतला तो खडू जणू खिशात घालूनच. जावयाने दिलेलं घड्याळ नकली. लग्नाच्या पंगतीतलं वरण पाणचट. बायकोच्या, ललिताबाईच्या हातचा चहा लग्नापासून आजवर एक तर गुळचट नाही तर फिका. गावात लोक त्याला रस्त्याने येताना पाहिलं की पान खाण्याच्या निमित्ताने टपरीमागे सरकत.

अशा माणसाला जुनी गाडी मिळाली, म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

गाडी त्याच्या वडिलांची. नत्थूजी, घरचे आबा म्हणत. त्यांनी नाकाडोंगरीकडच्या खाणीतल्या एका साहेबाकडून वापरलेली अँबेसेडर घेतली होती. मोठी मुलगी गिरजा त्याच गाडीत बसून नाकाडोंगरीला सासरी गेली. त्याच पावसाळ्यात गिअरबॉक्स बसला आणि गाडी गोठ्याशेजारच्या छपरात गेली ती कायमची. हेमराज तेव्हा नाक पुसायची अक्कल नसलेलं पोर. पुढे कोणीतरी ट्रॅक्टरचा उरलेला लाल रंग तिच्यावर फासला आणि कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालू लागल्या.

आबा गेल्यावर जमिनीच्या कागदावर गिरजाबाईने मुकाट्याने सही करून दिली. मागितलं काही नाही. एवढंच म्हणाली, "आबाची गाडी तेवढी मोडू नोका." सही झाल्यावर तिला पुन्हा माहेरी बोलवायचं भावाला सुचलं नाही. सुचलं तेव्हा बोलवायची लाज वाटू लागली होती. आता साठी उलटली, दिवस खायला उठले, आणि हेमराजच्या मनाने घेतलं की गाडी पुन्हा उभी करायची, तिच्यातच बसवून ताईला माहेरी आणायचं. आणि जगात कोणी खोट काढू शकणार नाही अशी गाडी करायची. या दोन्हींतली कोणती इच्छा मोठी होती ते त्याचं त्याला ठाऊक नव्हतं.

काम दिलं तुमसरच्या निकेशला. निकेशही काही कमी दिव्य नव्हता. बाप्पा, त्याच्या गॅरेजमधून बाहेर पडणारी प्रत्येक गाडी गणपतीच्या मंडपासारखी लुकलुकत असे.

"काकाजी, एसी बसवून देतो. पुढं डिस्क ब्रेक, पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप. अन् खालून निळे लाइट."

"लाइट तुया घरी लाव."

"लाइट राहू द्या जी. पण ब्रेक तरी? हायवेवर ट्रक कसे चालून राहिले पाहता नं? सीटबेल्ट?"

"कंपनीनं देल्ला होता का सीटबेल्ट?"

"कंपनीले कुठं माहीत होतं, समृद्धीवाले इकडं येतीन म्हणून."

हेमराजने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं आपण ताटात निघालेल्या केसाकडे पाहतो. जे कंपनीने दिलं ते अस्सल, बाकी सगळा कचरा, हा त्याचा वेद. ब्रेक जुन्याच धर्तीचे. पंप जुनाच. उन्हात पेट्रोल तापून गाडी बंद पडली तर? पंपावर ओलं फडकं टाकायचं, त्या काळी सगळेच टाकत. म्हणजे फडकंसुद्धा अस्सल! असल्या शहाण्यापुढे कोण बोलणार?

लाल रंग खरवडला तेव्हा निकेशने हाक मारली. "काकाजी, खालून काळा निघून राहिला."

"ते गंजू नये म्हणून मारलेलं अस्तर आहे. मी फॅक्टरीत होतो, मले नोको सांगू."

आणि त्याने खिशातून गिरजाच्या लग्नातला फोटो काढला. गाडीच्या दाराशी उभी नवरी, बाजूला फेटा बांधलेले आबा आणि मागे गाडी, सुरेख आकाशी निळी. निकेशने फोटो पाहिला, पत्रा पाहिला, खांदे उडवले. निळी तर निळी, त्याच्या बापाचं काय जात होतं? ताईला फोनवर विचारावं असं हेमराजच्या मनात एकदा आलं होतं. पण तिला नवल दाखवायचं होतं, आणि बायकांना गाडीतलं काय कळतं?

मग आतली साफसफाई. समोरच्या पत्र्याला भोकं पाडून कोणीतरी भंगार बसमधला छोटा पंखा ठोकून बसवला होता. मागच्या दाराच्या वर बैलाच्या कासऱ्याचा एक फासा बांधला होता, काळाकुट्ट, हाताच्या घामाने गुळगुळीत झालेला. हेमराजला ते पाहून किळस आली. गाडीत बैलाचा कासरा! त्याने दोन्ही उपसून काढले आणि भोकं बुजवून घेतली.

भंगारवाला दारात आला तेव्हा ललिताबाईने विचारलं, "अजी, आबाच्या हातचं हाय ते. राहू देत नाही का?"

"आबाले काय कळत होतं? गावठी जुगाड. नेऊ दे."

ललिताबाई आत गेली. चाळीस वर्षांच्या संसारात तिने एक कला साधली होती, नवऱ्याला त्याच्या शहाणपणाच्या खड्ड्यात सुखाने उतरू देण्याची.

गाडी तयार झाली, आणि खरं सांगायचं तर देखणी झाली. वैशाखातल्या एका दुपारी हेमराज इस्त्रीचा शर्ट घालून नाकाडोंगरीला निघाला. दुपारीच का? सकाळी लोक शेतात असतात, रस्त्यावर बघायला कोणी नसतं म्हणून. तुमसरच्या पुढे पेट्रोल तापलं, गाडी बंद. त्याने पंपावर ओला टॉवेल टाकला. एक ट्रॅक्टरवाला थांबला.

"काकाजी, ओरिजिनल हाय का?"

झालं. हेमराजने त्या बिचाऱ्याला उन्हात उभं करून दिव्याच्या काचेपासून सीटच्या शिवणीपर्यंत सगळं पुराण ऐकवलं. आजकालची पोरं जुन्या गाडीत एसी घालतात, म्हणजे आजीला जीन्स घालतात, असंही वर सांगितलं. टॉवेल वाळला, दुसऱ्यांदा भिजवावा लागला.

गिरजाबाई ओट्यावर पिशवी भरून बसली होती. सुनेने सकाळीच सांगितलं होतं, मामा न्यायला येऊन राहिले. नवं लुगडं, डोक्याला तेल. पंचाहत्तरीची बाई दर दोन मिनिटांनी रस्त्याकडे पाहत होती. गाडी दारात थांबली. ती उठून काठी टेकत जवळ आली.

"कोणाची गाडी आणलास रे?"

हेमराज हसला. याच क्षणासाठी तर सगळा खटाटोप. "कोणाची म्हणजे? आबाची. त्याच गाडीत तू सासरी आलतीस, ताई."

"आबाची काळी होती."

हेमराजने लगेच खिशातून तो फोटो काढून पुढे केला. वादात पुरावा काढायचा ही जुनी सवय. गिरजाबाईने फोटो डोळ्यांजवळ नेला, दूर नेला आणि तोंडाला पदर लावून हसू लागली.

"अरे खुळ्या, हा तं सादा काळा-पांढरा फोटो होता. मंग तुमसरच्या स्टुडिओवाल्यानं हातानं रंगवला. त्याच्या डब्यात जो रंग होता तो देल्ला लावून. हे पाय, मायं लुगडं गुलाबी. नवरीले गुलाबी लुगडं नेसवते का कोणी आपल्यात? पिवळं होतं."

हेमराजने फोटो घेतला आणि पहिल्यांदाच बहिणीच्या लुगड्याकडे पाहिलं. गुलाबी होतं खरं. इतके महिने त्या फोटोत त्याने फक्त गाडीच बघितली होती. निकेशने खरवडताना निघालेला तो काळा रंग त्याला आठवला आणि कान गरम झाले.

"रंगाचं जाऊ दे," तो म्हणाला. "बस तं खरी."

त्याने मागचं दार उघडलं. गिरजाबाईने एक पाय आत ठेवला आणि तिचा उजवा हात आपोआप वर गेला, दाराच्या वरच्या कडेशी. तिथे काहीच नव्हतं. हात हवेत दोनदा उघडला, मिटला. तिने मान आत घालून समोर पाहिलं, मग पाय पुन्हा खाली घेतला.

"माया पंखा कुठं हाय?"

"तुया?"

"मले गाडी लागे नं लहानपणी. गाडीत बसली का ओकारी. म्हणून आबानं भंगारातून पंखा आणून मायासाठी बसवला. अन् 'हे धरून चढत जाय, माय' म्हणून कासरा बांधला. आपल्या ढवळ्या बैलाचा." तिने भावाकडे वळून पाहिलं. "काढलास का?"

"ते कंपनीचं नव्हतं, ताई."

"आबाचं होतं."

जगातल्या प्रत्येक वस्तूतली खोट सांगणारा माणूस उघड्या दाराला धरून उभा राहिला, आणि शर्ट पाठीला चिकटला.

"म्या एकच गोष्ट मांगितली होती तुले," गिरजाबाई म्हणाली. रागाने नाही, थकून. "गाडी मोडू नोको."

"मोडली कुठं? बनवली."

"पुरी मोडली, गड्या. एक खिळा नाही ठेवला आबाचा."

तिने पिशवी उचलली आणि ओट्याकडे वळली. तो मागे गेला, उद्या दुसरी गाडी घेऊन येतो म्हणाला, एसीवाली. ती म्हणाली, एसी कायले, मी कधी एसी मांगितला? सुनेने पाणी आणलं, तेवढं पिऊन तो निघाला. मागच्या आरशात ती ओट्यावर बसलेली दिसत होती, पिशवी मांडीवर तशीच.

परत येताना तुमसरच्या अलीकडे गाडी पुन्हा बंद पडली. त्याने टॉवेल भिजवून पंपावर टाकला आणि बाभळीखाली उभा राहिला. स्कूटीवरून दोन पोरी थांबल्या, मोबाइलमध्ये फोटो काढू लागल्या.

"किती भारी! काकाजी, ओरिजिनल आहे का?"

हेमराजने टॉवेल उचलून पिळला, पुन्हा भिजवला.

"कंपनीची हाय," तो म्हणाला आणि दुसरीकडे पाहू लागला.