पेशंट सर

सरांना सुईची भयंकर भीती, आणि नोकरी लागली ती नर्सिंग कॉलेजात.

तीसुद्धा निवृत्तीनंतर. सगळी हयात शाळेत इंग्रजीचं व्याकरण शिकवण्यात गेली होती. घरी बसल्यावर करायचं काय, म्हणून त्यांनी दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका काढायला सुरुवात केली, मग वर्तमानपत्रातल्या, मग बायकोच्या बोलण्यातल्या. बायकोने काही दिवस ऐकून घेतलं. एके दिवशी तिने धाकट्या भावाला फोन लावला. तो त्याच गावातल्या नर्सिंग कॉलेजाचा कारभार बघायचा.

"तुझ्या भावोजींना कुठं तरी गुंतव," ती म्हणाली. "नाहीतर मीच तुझ्याकडे राहायला येते."

मेहुण्याने त्याच आठवड्यात वर्ग मिळवून दिला.

परदेशातल्या इस्पितळांत नोकरीला जायचं तर नर्सना इंग्रजीची परीक्षा द्यावी लागे. लिहिणं-वाचणं कसंबसं जमायचं. गाडी अडायची बोलण्यापाशी. परीक्षक स्वतः पेशंट होऊन समोर बसायचा आणि नर्सने त्याच्याशी बोलायचं. तिथे भल्याभल्या आपटायच्या.

पहिल्या दिवशी सरांनी कर्मणी प्रयोग घेतला. फळ्यावर सुवाच्य अक्षरांत वाक्य लिहिलं, दोन रंगांचे खडू वापरले. समोरच्या नर्स थेट ड्यूटीवरून आलेल्या. बाकांखाली बुटांतून पाय मोकळे केलेले. मागच्या बाकावरची एक तर डोळे उघडे ठेवून झोपली होती.

पहिल्या बाकावर बसायच्या मोठ्या सिस्टर. वयाने वर्गात सगळ्यांत मोठ्या, ऑपरेशन झालेल्या पेशंटांचा वॉर्ड वर्षानुवर्षं सांभाळलेल्या. परीक्षेत दोनदा नापास झाल्या होत्या, पण हटायला तयार नव्हत्या. "एकाच वॉर्डात म्हातारी व्हायचं नाही मला," असं त्या सगळ्यांना ठणकावून सांगायच्या.

सरांनी त्यांची तोंडी परीक्षा घेऊन पाहिली. स्वतः खुर्चीत पेशंट होऊन बसले. मोठ्या सिस्टर पुढे झाल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "लाय डाऊन. गिव्ह मी युवर हँड. डोन्ट मूव्ह."

सरांनी चटकन हात मागे घेतला. "व्याकरणात चूक काढायला जागा नाही," ते म्हणाले, "पण मला अटक झाल्यासारखं वाटलं."

वर्ग खदखदून हसला. मोठ्या सिस्टरांचा चेहरा पडला. "मग काय पेशंटच्या पाया पडू?"

तो प्रश्न सरांना रात्रभर खात राहिला.

दुसऱ्या दिवशी परवानगी काढून ते वॉर्डात जाऊन बसले. कोपऱ्यात स्टूल घेतलं, इंजेक्शनांच्या ट्रॉलीकडे पाठ करून. एक आजोबा ऑपरेशननंतर पाठीवर ताठ पडून होते. कुशीवर वळायला काही केल्या तयार नव्हते. मोठ्या सिस्टर त्यांच्यावर वाकल्या.

"चला आजोबा, जरासं वळू या का? हां, अस्सं. झालंच बघा आता. किती शहाणे!"

आणि आजोबा मुकाट्याने वळले.

सर स्टुलावरून उठलेच. या बाईला गोंजारणं कोणी शिकवायची गरज नव्हती. तिच्या इंग्रजीत फक्त ते 'जरासं' नव्हतं, ते 'या का' नव्हतं, ते 'झालंच बघा' नव्हतं. आणि असायचं कसं? सरांनी आजवर शिकवलेल्या एकाही पुस्तकात ते नव्हतं.

मग त्यांनी कानांना हेडफोन लावले आणि परदेशातल्या नर्स पेशंटांशी कसं बोलतात त्याच्या चित्रफिती बघत बसले. जेवायला हाक मारली तरी ऐकू यायची नाही. बायको म्हणाली, "माझ्या चुका काढत होतात तेच बरं होतं."

पुढच्या तासाला सरांनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं आणि वाचून दाखवलं, "जस्ट रोल ओव्हर फॉर मी."

"फॉर मी?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "माझ्यासाठी कशाला? कूस त्याची, वळायचं त्याला."

"तुम्ही आजोबांना 'वळू या' म्हणालात. तुम्ही कुठे वळलात?"

मोठ्या सिस्टर हसल्या. "खरंच की! कधी लक्षातच नाही आलं."

तिथून वर्गाचा नूर पालटला. सरांनी सगळ्यांना सराव-खोलीत नेलं. तिथल्या खाटेवर एक रबरी बाहुला झोपलेला असायचा. त्याला उचलून खुर्चीत बसवलं आणि त्याच्या जागी सर स्वतः आडवे झाले. कधी बहिरे आजोबा, कधी गोळ्या उशीखाली लपवणारा लबाड, कधी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारा भित्रा गृहस्थ. नर्सनी समजूत काढायची, तीही इंग्रजीतच. खोलीत जो मराठी बोलेल त्याने सगळ्यांना चहा करून द्यायचा, हा नियम. सरांनी तो स्वतः कधी मोडला नाही. कॉलेजात त्यांचं नावच पडलं, पेशंट सर.

सराव घरीही चाले. एकदा तर त्यांचं कण्हणं ऐकून शेजारच्या वहिनी गरम पाण्याची पिशवी घेऊन धावत आल्या. सर उठून बसले आणि म्हणाले, "जमलं म्हणजे!" वहिनींनी पुढे आठवडाभर अबोला धरला.

एके सकाळी सर न्हाणीघरातून कण्हतच बाहेर आले. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज आवाज छान लागलाय हं." सरांच्या कंबरेत खरोखरच कळ आली होती, पण तेवढ्यात ओसरलीही होती. ते वर्गावर गेले.

त्या दिवशी त्यांना पोटदुखीचा पेशंट व्हायचं होतं. खाटेवर आडवे झाले आणि कळ पुन्हा उठली, यावेळी थेट कंबरेपासून जांघेपर्यंत. सरांनी खाटेची कड धरली. ओठ आवळून ते डावीकडून उजवीकडे लोळायला लागले.

"वा सर!" मागून कोणीतरी पुटपुटलं.

मागच्या बाकावरची ती झोपाळू नर्स पुढे आली. आता ती चांगलीच तरबेज झाली होती. "आय कॅन सी यू आर अनकम्फर्टेबल," ती गोड आवाजात म्हणाली.

"धिस इज नॉट ॲक्टिंग!" सर ओरडले.

"आय अंडरस्टँड यू आर वरीड, सर. लेट्स टॉक अबाऊट इट."

बाकीच्या माना डोलावत होत्या. उत्तर अगदी बिनचूक होतं. सरांना हसावं की रडावं कळेना, आणि तेवढ्यात तिसरी कळ आली.

"आई गं! मेलो, मेलो!"

डोलणाऱ्या माना थांबल्या. सर मराठी बोलले होते. मोठ्या सिस्टर गर्दीतून पुढे घुसल्या, सरांच्या कपाळावर हात ठेवला. हात ओला झाला. त्यांनी नाडी धरली.

"सर, खरंच दुखतंय?"

सरांनी मानेनेच हो म्हटलं.

मग मात्र कोणाला काही सांगावं लागलं नाही. एकीने खाटेच्या चाकांचे खटके काढले, एक फोन करायला पळाली, दोघींनी दारं उघडून धरली. त्याच सरावाच्या खाटेवरून सरांची वरात उतारावरून खाली, शेजारच्या इस्पितळात निघाली.

"दुखतंय किती?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. "एक ते दहामध्ये सांगा."

"फिफ्टीन," सर सवयीने इंग्रजीत म्हणाले.

मुतखडा होता. डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितलं. सुई दिसताच सर पाठीवर ताठ झाले, हुबेहूब त्या आजोबांसारखे. मोठ्या सिस्टर त्यांच्यावर वाकल्या.

"सर, जस्ट रोल ओव्हर फॉर मी. दॅट्स इट. ऑलमोस्ट देअर. लव्हली."

आणि सर मुकाट्याने वळले. थोड्या वेळाने त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "कधी देणार?"

"दिलं की."

सर तसेच पडून राहिले. दुखणं हळूहळू उतरत होतं, पण त्यांच्या मनात घोळत होता तो आवाज. वॉर्डात ऐकलेला तोच आवाज, तेच गोंजारणं, फक्त भाषा दुसरी. इंग्रजी कसं काय सुचलं, असं नंतर त्यांनी विचारलं, तेव्हा मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "इंग्रजी बोलले मी? तुम्ही खाटेवर दिसलात की आपोआपच येतं."

बायको धावतपळत आली. सकाळचं आपलं बोलणं तिला आठवत होतं. सरांचं मनगट धरून ती बराच वेळ नुसती बसून राहिली. मग सावरली आणि म्हणाली, "यापुढे घरी कण्हलात तर आधी सांगायचं, खरं की खोटं!"

खडा औषधांनी आणि बादलीभर पाण्याने निघून गेला. मोठ्या सिस्टर परीक्षेत पास झाल्या. परीक्षक सर्दी झालेला एक कंटाळलेला माणूस होता. त्यांनी आधी त्याला पाण्याचा पेला दिला आणि मग बोलायला सुरुवात केली. त्या परदेशी गेल्या त्या दिवशी निरोपाला सगळा वर्ग हजर होता. तिकडे आता त्यांचा नवा वॉर्ड आहे. एक दिवस त्यांनी फोन करून तक्रार केली की तिथले म्हातारे फारच गप्पिष्ट आहेत, काम उरकू देत नाहीत.

त्याआधी, मुतखड्यानंतर सर घरी विश्रांती घेत होते तेव्हा त्यांच्या मुलीने त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. जगभरच्या इंग्रजी शिक्षकांची तिथे बैठक भरायची. शाळेतले नव्हेत, कामापुरतं इंग्रजी शिकवणारे. कोणी वैमानिकांना शिकवत होतं, कोणी वकिलांना. एक बाई आग विझवणाऱ्यांना शिकवायच्या आणि त्यासाठी टेबलाखाली शिरून मदतीच्या हाका मारायच्या. सरांना वाटायचं, असा वेडेपणा करणारे आपण एकटेच. त्यांनी मुतखड्याची गोष्ट सांगितली. पडद्यावरच्या चौकटीचौकटीतून हसू फुटलं, आणि वैमानिकांचे गुरुजी तर खुर्चीतून दिसेनासेच झाले.

सर बरे झाले तसा मेहुणा घरी आला. यावेळी कीटकांवर संशोधन करणाऱ्यांचा वर्ग होता. त्यांना परदेशी नियतकालिकांत निबंध छापायचे होते आणि परिषदेत उभं राहून बोलायचं होतं.

"भावोजी, जमेल ना?"

सरांनी हो म्हणायच्या आत बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "घेऊ देत," ती म्हणाली. "पण झुरळं घरात आणायची नाहीत, आणि स्वतः झुरळ व्हायचं नाही."

सर मान डोलावत होते. त्यांचं अर्धं लक्ष खिडकीकडे होतं. काचेवर एक माशी पाय चोळत बसली होती, आणि सर खुर्ची सरकवून तिच्याकडे टक लावून बघायला लागले होते.