गैरहजेरीचा मेसेज

लातूरच्या त्या सॉफ्टवेअर कंपनीने मला नोकरी द्यायच्या आधी एक आठवडा काम बघायला बोलावलं. कंपनी कसली, दोन खोल्या, एक सर आणि चार पोरं-पोरी. नांदेडच्या विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करून मी वर्षभर तिथेच घरी बसले होते. बाबांनी मात्र "पोरगी प्रोग्रामर झाली" म्हणून गल्लीभर सांगून टाकलेलं. आता हात हलवत परत जायची सोयच नव्हती.

सोमवारी सरांनी प्रिंटर दुरुस्त करायला लावला. मंगळवारी एका क्लासमध्ये हजेरीचं अंगठ्याचं मशीन बसवायला स्टुलावर चढवलं. मी काय वायरमन आहे? असं डोकं तापलं होतं! बुधवारी एकदाचा कोड हातात आला. त्या क्लासला एखादं पोर आलं नाही, की त्याच्या घरी आपोआप मेसेज गेला पाहिजे. म्हटलं, थांबा, दाखवतेच. दुपारपर्यंत लिहून काढला आणि तपासायला बटण दाबलं. पालकांच्या खऱ्या नंबरांची यादी त्यातून आधी काढून टाकायची राहिलीच.

"आपला पाल्य आज क्लासला गैरहजर आहे." अख्ख्या बॅचच्या आईबापांना! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

पोटाला चिमटा घेऊन लेकरू लातूरला ठेवलेल्या घरात असा मेसेज गेला की काय होतं, ते मला कुणी सांगायला नको होतं. "सर, चुकून गेला असा दुसरा मेसेज पाठवू?"

"आता मेसेजवर कोण विश्वास ठेवणार? तुम्ही पाठवलाय, तुम्हीच फोन करा. एकेकाला."

केले. कुणी शिव्या घातल्या, एक आई नुसतीच रडली. "माझी चूक झाली, तुमचं लेकरू वर्गातच आहे," म्हणून म्हणून घसा बसला. निलंग्याकडचा एक नंबर मात्र उचलेचना.

संध्याकाळी तो माणूसच क्लासमधून पत्ता घेऊन आमच्या ऑफिसच्या दारात उभा. मेसेज वाचला तसा शेतातून निघाला होता, फोन बांधावरच राहिलेला. पायाला चिखल तसाच.

"पोरगी दिसली. बरी हाय," तो म्हणाला. "कुणी केलतं हे?"

"मी."

"लई भ्यालो वो बाई. दोन तास यष्टीत काय काय मनात आलं."

मी हात जोडले आणि रडायलाच लागले. लाज वाटत होती, पण थांबता येईना.

"रडू नगा. पाणी द्या जरा."

शनिवारी सरांनी बोलावलं. "कोडचं काही खरं नाही तुमच्या. पण माणसांशी चांगलं बोलता. सोमवारपासून पालकांचे फोन तुम्ही घ्यायचे."

"आणि प्रोग्रामिंग?"

"बघू पुढे."

मी हो म्हटलं. स्वतःचाच राग आला, तरी हो म्हटलं. खाली येऊन घरी फोन लावला.

"लागली का गं?" बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"लागली."

"कम्प्युटरवरच ना?"

बुधवारी अख्खी दुपार लोकांच्या बापांना माझी चूक सांगितली होती. माझ्या बापाला खरं सांगायला तोंड उघडेना.

"हाव, बाबा."

फोन तसाच हातात धरून ते बाहेर गेले. मला सगळं ऐकू येत होतं. "म्या सांगितलं न्हवतं का तुमाला," ते शेजारच्यांना ओरडून सांगत होते, "प्रोग्रामर हाय माझी पोरगी!"