ठोंबरेसाहेबांची सीट

एकाहत्तरच्या नोव्हेंबरात आमची बॉम्बर स्क्वाड्रन पश्चिम सीमेकडच्या एका तळावर हलली. मी कॉर्पोरल सोनवणे, ट्रेड आर्मामेंट फिटर, वय बावीस, गाव सोयगाव. विमानाला बॉम्ब लावणे, गनमध्ये गोळ्या भरणे आणि पायलटची इजेक्शन सीट सांभाळणे ही माझी कामं. एअरफोर्स म्हणजे उडणं असं लोकांना वाटतं. मी सगळ्या नोकरीत चार-पाच वेळा उडालो असेन, तेही मालवाहू विमानात पोत्यांवर बसून.

तळावर वाळू आणि थंडी सोडून काही नव्हतं. ०५०० ला उठायचं, ०६०० ला विमानाजवळ हजर, अंधार पडला की ब्लॅकआउट. आमच्या फ्लाइटमध्ये, म्हणजे तुकडीत, पंजाबी होते, बंगाली होते, मल्याळी तर भरपूर होते. मराठी बोलणारा एअरमन मी एकटा. दोन-दोन दिवस आपली भाषा तोंडात यायची नाही. मी गप्प राहायला तिथंच शिकलो.

दुसरा मराठी माणूस ऑफिसर होता. फ्लाइंग ऑफिसर विनायक ठोंबरे, वय तेवीस, लासूर स्टेशनचे. वडील लवकर गेलेले, घरी शेती, आई आणि एक धाकटी बहीण. लहानपणी मालगाडीच्या गार्डाशी ओळख काढून ते त्याच्या डब्यात बसून पुढच्या पोटूळ स्टेशनपर्यंत जायचे आणि रुळांच्या कडेनं चालत परत यायचे. आईचा मार ठरलेला. हे त्यांनीच मला सांगितलं होतं. तळावरच्या पायलटांत ते सगळ्यांत लहान, आणि लँडिंग असं करायचे की चाकं कधी टेकली ते कळायचं नाही.

ते लासूरच्या मोठ्या घरातले, मी सोयगावच्या बौद्धवाड्यातला. गावाकडं असतो तर आमचा एकमेकांशी काही संबंध आला नसता. इथंही ऑफिसर आणि एअरमन यांची उठबस वेगळी. पण कॉकपिटमध्ये पायलटला पट्टे बांधायला दोन मिनिटं लागतात, आणि त्या दोन मिनिटांत आम्ही मराठी बोलायचो. मला दिवसभर त्याची वाट असायची. त्यांनाही असावी, कारण पट्टे बांधायला ते माझंच नाव सांगायचे.

इथं एक गोष्ट समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या विमानात दोन माणसं. वर पायलट, पुढं नाकात नेव्हिगेटर. इजेक्शन सीट फक्त पायलटला. हँडल ओढलं की सीट माणसासकट बाहेर फेकली जाते. नेव्हिगेटरला अशी सीट नाही. त्यानं पॅराशूट लावून सरपटत मागं यायचं आणि बाजूच्या दारातून उडी मारायची. पायलटची सीट जमिनीवर चुकून उडू नये म्हणून तिला एक सेफ्टी पिन असते. पट्टे बांधून झाले की आम्ही ती पिन काढायची, पायलटला दाखवायची आणि कॉकपिटमधल्या खणात ठेवायची. पिन राहिली तर हँडल कितीही ओढा, सीट जागची हलत नाही. म्हणून हे काम न बोलता करायचं, असा ट्रेनिंगमधला नियम होता. आम्ही दोघं तो रोज मोडत होतो.

युद्ध सुरू होऊन काही दिवस झाले होते. त्या संध्याकाळी टेकऑफ १८१० चा. १७५० ला ठोंबरेसाहेब आले. त्यांचे नेव्हिगेटर फ्लाइट लेफ्टनंट मेनन खाली नकाशा बघत उभे राहिले. मी साहेबांच्या मागोमाग आत शिरलो.

"काय सोनवणे, जेवला का?"

"व्हय साहेब. राजमा."

"राजमा खाऊन खाऊन जीव कावला बघ. तुमच्याकडं कापूस वेचून झाला आसंल आता?"

"नाय साहेब. शेवटची वेचणी राहिली आसंल."

"युद्ध संपलं की तू लासूरला ये. रविवारच्या बाजाराला. आईच्या हातची भाकर खाऊ घालतो."

"म्या तुमच्या घरी?"

"मंग काय स्टेशनावर खातो का?" ते हसले. मीही हसलो. बाहेरून कोणीतरी ओरडलं, टाइम! मी खाली उतरलो, मेननसाहेब वर चढले, दार लागलं.

या बोलण्यातला शब्द न् शब्द मला आजही पाठ आहे. पिन आठवत नाही.

१९४० ला मी डिस्पर्सलवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागी, वायरलेस सेटच्या गाडीजवळ उभा होतो. परतीची विमानं एकेक करून उतरत होती. तेवढ्यात ठोंबरेसाहेबांचा आवाज आला. शांत होता.

"टॉवर, पोर्ट इंजिन ऑन फायर. हाइट फोर थाउजंड."

"इजेक्ट. आय से अगेन, इजेक्ट."

"नेगेटिव्ह. नेव्हिगेटर फर्स्ट."

त्यानंतर सेटवर नुसती खरखर. आम्ही सगळे एका दिशेला बघत होतो. रनवेच्या अलीकडं आठ-दहा मैलांवर जमिनीवर उजेड झाला आणि बराच वेळ राहिला.

मेननसाहेब पाय मोडलेल्या अवस्थेत एका शेतात सापडले. ठोंबरेसाहेब विमानातच होते. त्यांची सीट जागच्या जागी होती.

पिन काढली होती का? रोज काढतो म्हणजे काढलीच असणार. पण काढताना हात, दाखवताना त्यांचा चेहरा, काहीच डोळ्यांपुढं येईना. येत होतं ते फक्त राजमा आणि लासूरचा बाजार. खणासकट कॉकपिट जळून गेलं होतं, त्यामुळं बघूनही काही कळणार नव्हतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मेननसाहेबांनी स्ट्रेचरवरूनच जबाब दिला की पायलटनी हुकूम दिला, मी लगेच उडी मारली, उंची तीन हजार फूट. आता तीन हजार फुटांवर नेव्हिगेटर बाहेर पडला असेल तर पायलटला हँडल ओढायला हवा तितका वेळ होता. मग ते बाहेर का पडले नाहीत? सगळ्यांच्या नजरा सीटकडं गेल्या, म्हणजे माझ्याकडं.

"कॉर्पोरल, डिड यू रिमूव्ह द सेफ्टी पिन?"

"येस सर."

"यू रिमेंबर इट?"

"क्लिअरली, सर."

खोटं बोललो. काढली नसेल असं नव्हे, पण आठवतं असं म्हणालो ते खोटं होतं. मला शिक्षा झाली नाही. कारण निश्चित करता आलं नाही, असा निकाल झाला.

फेब्रुवारीत रजा मिळाली तेव्हा सोयगावला जायच्या आधी मी लासूर स्टेशनला उतरलो. त्यांच्या आईनं, गंगाबाईंनी, मला ओसरीवर बसवलं, चहा दिला, जेवायला वाढलं. मी घास गिळत असताना त्यांनी विचारलं, "तुमी शेवटी त्याच्यासंगं व्हते म्हणं?"

"व्हय आई."

"उडायची खुर्ची व्हती ना त्याला?"

"व्हती. त्यांनी मेननसाहेबाला आधी सोडलं, आई."

"ते कळलं मला. त्याला सोडलं ते बरंच केलं. मंग सोताला का नाय सोडलं?"

पिनेचं सांगता आलं असतं. पण तेवढी छाती नव्हती. मी पाणी प्यायलो आणि उठलो.

मी पुढं वॉरंट ऑफिसर होऊन रिटायर झालो. त्या दिवसानंतर पट्टे बांधताना कधी एक शब्द बोललो नाही. सकाळी एकदा, दुपारी एकदा, पिना मोठ्यानं मोजायचो. लोक मागं मला मुका म्हणायचे. लासूरजवळच्या शहरात, गारखेड्यात घर बांधलं. बायको म्हणायची, "तुमच्यापेक्षा भिंत बरी, ती निदान ऐकते तरी." तिलाही मी हे सांगितलं नाही. ती गेली, मुलगा पुण्याला राहिला, आणि घरात बोलायची गरजच उरली नाही. लासूरला मात्र दरवर्षी, साहेब गेले त्या तारखेला, जायचो. गंगाबाई दरवर्षी चहा द्यायच्या आणि दरवर्षी तोच प्रश्न विचारायच्या. मला वाटायचं, म्हातारपणामुळं विसरत असतील. त्या वारल्या तेव्हा, सांगायला लाज वाटते, मला सुटल्यासारखं झालं.

गेल्या वर्षी एकदा सकाळी अकराच्या सुमारास फोन वाजला. "सोनवणे? मेनन बोल रहा हूँ." पन्नास वर्षांहून जास्त काळानंतर तो आवाज. माजी सैनिकांच्या कुठल्या तरी ग्रुपवरून माझा नंबर काढला होता. तिसऱ्या दिवशी ते काठी टेकत माझ्या दारात उभे राहिले. वय ऐंशीच्या पुढं, मोडलेला पाय अजून आखूडच.

चहा झाला. ते म्हणाले, "बीवी चली गयी. अब किसी से शरम करने को बचा नहीं. तुमको कुछ बताना है."

मग त्यांनी सांगितलं ते असं. ठोंबरेसाहेबांनी उडी मारायला सांगितलं तेव्हा ते दारापर्यंत आले, दार टाकून दिलं, आणि खालचा काळोख बघून त्यांच्यानं उडी मारवेना. दाराची कड धरून ते तसेच बसून राहिले. किती वेळ, ते त्यांनाही ठाऊक नाही. विमान खाली येत होतं. ठोंबरेसाहेब एका हातानं विमान सरळ धरून मागं वळून त्यांच्याकडं बघत होते. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "टेक युअर टाइम, सर."

"छह सौ फीट भी नहीं था जब मैं निकला," मेननसाहेब म्हणाले. "कोर्ट में मैंने तीन हजार बोला."

त्या उंचीवरून ती जुनी सीट कोणालाही वाचवू शकली नसती. पिन असो वा नसो.

मी उठून खिडकीपाशी गेलो. राग आला, खोटं कशाला बोलू. वाटलं, या माणसाला असाच हाताला धरून फाटकाबाहेर काढावं. याच्या एका आकड्यापायी मी सगळं आयुष्य मान खाली घालून काढलं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. मी म्हणालो, "सर, मैंने भी कोर्ट में झूठ बोला था," आणि पिनेचं सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा. बोलायला पाच मिनिटं लागली.

मेननसाहेबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "हे तुझं ओझं माझ्यामुळं होतं तर." हे त्यांनी इंग्रजीत म्हटलं, आणि दोनदा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ०८३० ला रिक्षानं स्टेशन गाठलं आणि पॅसेंजरनं आम्ही लासूरला गेलो. त्या घरात आता ठोंबरेसाहेबांची बहीण सुमनताई राहतात, सत्तरी ओलांडलेल्या. मेननसाहेबांनी हिंदीत सगळं सांगितलं, काही न लपवता. मग मी माझं सांगितलं. ताई मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. आमचं सांगून झालं. मग माझ्याकडं वळल्या.

"दादा शेवटचा रजेवर आला ना, तव्हा आईनं त्याची सोयरीक जमवली व्हती. त्यो नाय म्हणला. चारचौघांत आईची मान खाली गेली. निघताना आई रागात बोलून गेली, जाय, पुन्हा तोंड दाखवू नको मला."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"खुर्ची आसून उडाला नाय, म्हणजे त्यानं माझा शबुद पाळला, आसं म्हणायची ती. मरंस्तोवर. तुमी आले की दरसाल इचारायची, कुणीतरी दुसरं कारण सांगंल म्हणून. तुमी चहा पिऊन जायचे, भाऊ."

त्यांनी मेननसाहेबांकडंही एकदा बघितलं.

"तुमच्या दोघांतल्या एकानं जरी तोंड उघडलं आसतं तर माझी आई सुखानं गेली आसती. लई उशीर केला."

मेननसाहेबांनी मला विचारलं, "क्या कह रही हैं?" मी शब्दाला शब्द हिंदीत सांगितलं. मधला एकही वगळला नाही. ते काठीवर दोन्ही हात ठेवून खाली बघत राहिले.

ताईंनी आम्हाला उठा म्हटलं नाही, पण चहाही टाकला नाही. त्या घरातून चहा न घेता मी पहिल्यांदाच निघालो. बरोबरच होतं ते. दाराशी त्या एवढंच म्हणाल्या, "ओरडला नाय म्हणता ना त्यो?" मेननसाहेबांना हे न सांगताच कळलं. त्यांनी मान हलवली. ताई आत गेल्या.

पिन काढली होती की नाही, हे मला आजही माहीत नाही आणि आता कळणारही नाही. फ्लाइंग ऑफिसर विनायक ठोंबरे गेले तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यांच्या आई त्यानंतर एकतीस वर्षं जगल्या. युद्धात गेलेल्यांची नावं घ्यायला मला कुठं उभं केलं, तर मी आता आधी विनायक ठोंबरे म्हणतो आणि मग गंगाबाई ठोंबरे म्हणतो. हे दुसरं नाव कोणाचं, असं लोक विचारतात. विचारलं की मी सांगतो.