बाहेरचा पाला

गुजरातेत भेस्तानला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी बसणारे पालामास्तर भाजीच्या नावाचा उगम सांगितल्याशिवाय जुडी हातात देत नसत. कोथिंबीर मागितली की आधी संस्कृतातली कुस्तुंबरी यायची. घाईतल्या बायका ओरडायच्या, "मास्तर, पहेला कोथमीर आपो, निशाळ पछी!" मास्तर जुडी देत आणि निशाळही चालू ठेवत.

शाळा त्यांची खरोखरच होती, मराठी माध्यमाची. मुलं कमी झाली, वर्ग बंद पडले आणि हंगामी मास्तर टोपली घेऊन बसले. मी त्यांच्या शेवटच्या वर्गातली. हळहळताना मी त्यांना पाहिलं नाही. "तिथं फळ्यावर शब्द लिहायचो, इथं विकतो. इथं निदान कुणी पेंगत नाही," म्हणायचे.

त्यांच्या टोपलीत बांधावरची पाथरी असे आणि शेजारी लेट्यूस. तरुण गिऱ्हाईक आलं की ते दोन्हींचं देठ मोडून दाखवत. दोन्हीतून पांढरा चीक येई. "लॅटिनमध्ये दुधाचा जो शब्द, त्यावरून लेट्यूस. ही आपली पाथरीही दुधाची. दोघी एकाच घराण्यातल्या. एक परदेशी शिकली, एक गुरं राखत राहिली."

मग भाजी मॉलमध्ये मिळते म्हणत सोसायटीच्या कमिटीनं फाटकावरचे भाजीवाले उठवायचं ठरवलं. मास्तरांचं घर त्याच टोपलीवर चालत होतं. मी कामगारांच्या पत्रकांच्या घड्या घालत वाढलेली मुलगी. गप्प बसणं शक्यच नव्हतं. मराठीत आणि गुजरातीत पत्रक छापून आणलं: 'मॉलचा परदेशी पाला नको, मातीतला पाला हवा! बाहेरच्याला इथे जागा नाही!'

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. "कोबी हा पोर्तुगीजांचा शब्द. सॅलड म्हणजे मीठ लावलेलं, तेही तिकडचंच. यातलं काय काय उचलून फेकू?"

"मास्तर, हा लढा आहे, भाषेचा तास नाही."

"म्हणूनच सांगतो, पोरी. 'बाहेरच्याला' काढ. मी शिरपूरचा आहे, इथला नाही."

पण पत्रकं छापून झाली होती, आणि मला त्यांचा अभिमान होता. मी ती घरोघर वाटली.

कमिटीच्या बैठकीत सेक्रेटरीनं माझंच पत्रक वर धरलं. "बेन, तमे ज लख्युं छे, बहारनाने जग्या नहीं. तो मास्तर क्यांना?" मास्तर कुठले, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इथल्याच म्हणून दोन भाजीवाल्या बायका राहिल्या. मास्तरांची टोपली उठली.

आता ते पलसाण्याला कापड रंगवणाऱ्या एका डाइंग युनिटच्या फाटकावर रखवालदार आहेत. मी माफी मागायला गेले, तर त्यांनी मला आपल्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

"रागावलात ना, मास्तर?"

"तुझ्यावर काय रागावू? 'बाहेरचा' हा शब्द तुला पहिल्यांदा फळ्यावर मीच लिहून दिला असेल. उगम सांगितला असेल. कुणाला लागतो, ते सांगायचं राहिलं."

तेवढ्यात ट्रकनं हॉर्न दिला आणि मास्तर फाटक उघडायला गेले.