मास्कआडून घेतलेलं नाव

माझा नवरा फार हळू बोलायचा. शेजारी बसलं तरी "काय?" म्हणून विचारावं लागे. "तोंडात मूग भरलेत का?" असं मी लग्नापासून ओरडत आलेय.

पिंपळगावजवळच्या चिकन फॅक्टरीत तो कोंबड्या हलाल करायचा, मी त्या धुवायचे. माल दुबईला जायचा. प्रत्येक कोंबडीवर सुरी फिरवताना अल्लाचं नाव घ्यायचं, तरच हलालचं सर्टिफिकेट. ते गेलं की फॅक्टरी बंद आणि आम्ही दोघं घरी.

मग बर्ड फ्लू आला. शेजारच्या जिल्ह्यात कोंबड्या खड्ड्यांत पुरत होते. परदेशात माणसंही मेली, असं टीव्हीवर सांगायचे. आधी घसा धरतो, मग ताप, की संपलंच. आम्हाला मास्क दिले.

त्याच आठवड्यात सर्टिफिकेटवर सही करणारे मौलाना मुंबईहून तपासणीला आले. नवऱ्याशेजारी उभे राहिले आणि त्यांनी काम थांबवलं.

"नाव घेतलेलं ऐकू येत नाही, ओठही दिसत नाहीत. मी सही कशाच्या भरवशावर करू?"

तर हा बाबा रक्ताळलेल्या हातानं मास्क खाली ओढायला लागला!

"खबरदार!" मी किंचाळले. सगळे वळून बघायला लागले. "मास्क राहू द्या! जन्मात एकदा तरी मोठ्यानं बोला!"

आणि तो बोलला. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून, "बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर!" एकेका कोंबडीला, पार सुट्टी होईपर्यंत. मौलानांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या तोंडून शब्द फुटेना. घसा ओरडून बसला, की त्या मेल्या रोगानं धरला? डॉक्टर म्हणाले, "वाट बघा. ताप आला तर लगेच सिव्हिलला न्या."

नाव घेता येईना, म्हणजे सुरी धरता येईना. तो घरी बसून खुणा करायचा आणि मी सारखी त्याच्या कपाळाला हात लावायचे. या अल्ला, मीच ओरडायला लावलं म्हणून झालं असू दे, दोष माझाच असू दे, एवढंच मागत होते.

एका सकाळी मी भाकरी थापत होते. बाहेरून आवाज आला, "चहा देतेस का नाय?" एवढा मोठा, की शेजारीण दारात आली.

मला नीट ऐकू आलं होतं. तरी पदरानं डोळे पुसत म्हटलं, "काय? परत बोला."