आपसूक गार होऊ द्या

कॅटॅलिस्टवर काजळी धरते तसे आमच्या लॅबवर किस्से धरलेत. घासून निघत नाहीत. आता सर नाहीत, म्हणून सांगून टाकतो.

बारामतीच्या कॉलेजात आम्ही चौघं: सर, त्यांच्याकडे पीएचडी करणारी लासुर्ण्याची शीतल, लॅब अटेंडंट बबनतात्या आणि मी. निकेल आणि सेरियमच्या ऑक्साइडची पावडर भट्टीत भाजायची आणि तिच्या पृष्ठभागावर कार्बन डायऑक्साइडचा मिथेन होतो का ते बघायचं, एवढंच काम. ही पावडर म्हणजेच आमचा कॅटॅलिस्ट, रंगानं राखाडी. भट्टी उघडली की तात्या डोकावून म्हणायचे, "सर, आजबी राखच हाय!"

*

एकदा एसटी गाठायच्या घाईत शीतलनं भट्टी लवकर उघडली आणि भाजलेल्या पावडरची वाटी ओल्या फडक्यावर ठेवली. ताडकन तडकली!

"अगं बाई, भाजणं सोपं असतं," सर म्हणाले. "नंतर आपसूक गार होऊ द्यायचं. घाई केली की पृष्ठभाग बिघडतो."

त्या दिवसापासून कुणी चहावर फुंकर मारली तरी तात्या ओरडायचे, "आपसूक!"

*

खंडेनवमीला तात्यांनी भट्टीला हळदकुंकू वाहिलं. पुढच्या बॅचवर इतका मिथेन निघाला की शीतल नाचायचीच बाकी राहिली! पण पुन्हा तशी काही केल्या येईना.

मग एके दिवशी भट्टीला गुपचूप कुंकू लावताना सरांनी शीतलला पकडलं. वाटलं, आता झापतात.

"किती ग्रॅम लावलंस? नोंद ठेव!"

*

सरांच्या पोटात कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, "वरून तर ठणठणीत दिसताय."

"मी जन्मभर वरचा थरच बघितला, डॉक्टर. आतलं तुम्ही बघा."

आम्ही हसलो. मग शीतल जिन्यात बसून रडली. मला तर सरांचा रागच आला.

ती खंडेनवमीची बॅच एकदा पुन्हा आलेली बघायची, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

*

शेवटच्या दिवशी शीतल धापा टाकत हॉस्पिटलात आली. "सर, नवी बॅच भाजून झाली. भट्टी बंद केलीय."

सरांनी डोळे उघडले. "लगेच उघडू नकोस."

दुपारी सर गेले. भट्टी अजून गरम होती.

*

सरांना त्यांच्या गावी, लोणी भापकरला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला गेलो, तर खाली अजून निखारे. सरांचे चुलतभाऊ आबा पाण्याची बादली घेऊन पुढं झाले. "पाणी मारू आन् उरकू. लोकांना कामं हायती."

शीतलनं बादली धरली. "पाणी नको, आबा. आपसूक गार होऊ द्या."

आबा चिडले. "ही कुठली रीत म्हणायची?"

तात्यांनी टॉवेलानं तोंड पुसलं आणि तिथंच मातीत बसकण मारली.

"बसा आबा. आमच्यात असंच असतंय."