शेजारणीचं वाक्य

दोरीवाल्यांविषयी मी लिहावं इतका काही मी त्यांना ओळखत नव्हतो. त्यांचं पूर्ण नाव मी पहिल्यांदा वाचलं ते इस्पितळात, त्यांच्या पलंगाला अडकवलेल्या पुठ्ठ्यावर. आमची ओळख नाट्यगृहातली, तीही बहुतेक अंधारातली. दोन माणसं शेजारी बसून समोर बघत राहतात, याला ओळख म्हणावं का, हे मला अजून ठरवता येत नाही. पण त्यांच्याविषयी लिहील असं दुसरं कुणी मला दिसत नाही, म्हणून जमेल तसं लिहितो.

आमच्या शहरात गेल्या काही वर्षांत जुनी गाजलेली नाटकं पुन्हा उभी करायची हौस आली आहे. त्यांचे दुपारचे प्रयोग होतात, आणि आमच्यासारखी रिकामटेकडी म्हातारी माणसं तिथे जमतात. मी कडेची खुर्ची घेतो. मध्येच उठावं लागलं तर कुणाचे पाय तुडवावे लागत नाहीत. भिंतीलगतच्या त्याच रांगेत एक उंच, हडकुळे गृहस्थ नेहमी दिसत. एकदा सभागृह अर्धं रिकामं होतं. दाराशी तिकिटं बघणारी बाई त्यांना म्हणाली, "आजोबा, मध्ये जाऊन बसा की. इथून नीट दिसत नाही."

"मला इथूनच दिसतं," ते म्हणाले. "मधे बसलं की सगळे माझ्याकडे तोंड करून बोलतात. घरी भांडायला आल्यासारखे."

मला हसू आलं, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्यावर ओळख झाली.

ते एका नाटक कंपनीत पडदा ओढायचे. दर्शनी पडद्याची दोरी उमेदीची सगळी वर्षं त्यांच्या हातात होती, म्हणून ते दोरीवाले. नाटकं त्यांनी ढिगाने पाहिली होती, पण विंगेत उभं राहून, एका अंगाने. मोठमोठ्या नटांचा एकच कान त्यांच्या ओळखीचा होता. "समोरून आला तर ओळखणार नाही मी," असं सांगत. अंक संपत आला की त्यांच्या मुठी मांडीवर हळूहळू आवळत, आणि पडदा पडला की सुटत. तळहातावर चामड्यासारखी एक आडवी पट्टी होती. मला ते 'हापिसर' म्हणायचे. मी वीज कचेरीत साधा कारकून होतो, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं.

"असू द्या हो, हापिसर. इथे कोण चौकशी करायला येतंय?"

मग एका जुन्या कौटुंबिक नाटकाची जाहिरात आली. 'मूळ संहितेनुसार' असं तिच्यात ठळक छापलं होतं. दोरीवाल्यांनी ती फाडून खिशात ठेवली होती. मध्यंतरात चहाचा कप हातात धरून त्यांनी मला ती दाखवली. त्या दिवसांत त्यांना धाप लागायची, दोन वाक्यांमध्ये थांबावं लागायचं.

"ही यात होती," ते म्हणाले.

ही म्हणजे त्यांची बायको. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती नटी होती, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"काय काम करायच्या?"

"शेजारीण. तिसऱ्या अंकाच्या शेवटी येते. कंदील घेऊन. घरातली पोर निघून गेलेली असते, आई एकटी बसलेली. ही येते, दोन शब्द बोलते, परत जाताना दाराच्या कडीवर हात ठेवून एक वाक्य बोलते. मग पडदा." कप खाली ठेवून त्यांनी दम घेतला. "ते वाक्य मला एकदा ऐकायचंय. डॉक्टर म्हणतो दगदग नको. नाटक बघायला कसली दगदग?"

प्रयोगाच्या दिवशी ते धुतलेला शर्ट घालून, दाढी करून आले होते. पहिले दोन अंक त्यांनी पाहिले असतील असं मला वाटत नाही. तिसऱ्या अंकात आई खुर्चीत बसली, तिने मान खाली घातली. दोरीवाल्यांच्या मुठी वळल्या नव्हत्या. हात मांडीवर उघडे होते. मंचावरच्या त्या बंद दाराकडे ते पुढे वाकून बघत होते.

आणि पडदा पडला.

टाळ्या सुरू झाल्या. दोरीवाले उठून उभे राहिले. "चुकलं!" ते मोठ्याने म्हणाले. "हात सुटला कुणाचा तरी! वर घ्या! ती यायचीय अजून!"

पुढच्या रांगेतले लोक वळून हसले. "आजोबा, झालं नाटक, जागे व्हा," कुणीतरी म्हणालं. तोवर ते कडेच्या दारातून आत शिरले होते. मी मागे गेलो. विंगेत, जिथे दोरी असायला हवी तिथे ते उभे होते, आणि दोन्ही हातांनी भिंत चाचपत होते. दोरी नव्हतीच. भिंतीवर दोन बटणं होती, आणि त्यांच्याशेजारी स्टुलावर बसलेला माणूस.

"ओ, काय हरवलंय?" तो म्हणाला. "हात लावू नका तिथे."

गडबड ऐकून दिग्दर्शिका आली. तरुण बाई, पण वागायला चांगली. तिने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"काका, छापील पुस्तकात शेजारीण नाहीच आहे," ती म्हणाली. "आम्ही काही गाळलेलं नाही. अंक इथेच संपतो."

"पुस्तक मागाहून निघालं. तिचा प्रवेश गेल्यावर."

"मग तुम्ही सांगा ना. काय म्हणते ती दाराशी? मी खरंच घेईन. पुढच्या प्रयोगाला घेईन."

दोरीवाल्यांनी तोंड उघडलं. आम्ही सगळे वाट बघत राहिलो, तो बटणवाला माणूससुद्धा. त्यांनी उजवा हात उचलला, हवेत कडीवर ठेवल्यासारखा धरला, आणि खाली घेतला. पुन्हा उचलला. मग त्यांनी मान हलवली.

"मी ऐकलंच नाही हो कधी," ते म्हणाले. "मी हात बघायचो. तिचा हात कडीवरून खाली आला की दोरी सोडायची. माझं सगळं लक्ष हातावर."

दिग्दर्शिकेच्या हातात पेन तसंच राहिलं.

बाहेर आल्यावर ते पायरीवर बसले. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी रिक्षा शोधत जात होते. मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं.

"पोरगी तापाने फणफणली होती. मी हिला म्हटलं, आज नको जाऊस, उभी करतील दुसरी कुणीतरी. ती म्हणाली, मग तू रहा, दोरी काय कुणीही ओढेल. मला लागलं ते. दोघंही गेलो, पोरीला शेजारी टाकून. त्या प्रयोगाला तिने कडीवर हात ठेवला, आणि मी तिथेच सोडली दोरी. बोलूच दिलं नाही."

"मग?"

"मग काय. मालक आत आले. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. ते म्हणाले, छान, आटोपशीर झालं, असंच ठेवा. पुढच्या खेळापासून शेजारीणच काढून टाकली, उगाच कशाला म्हणून. हिला पुन्हा काम मिळालं नाही." ते आपले तळहात बघत होते. "ती मला यावरून कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं."

मी म्हणालो, "दार लावून घ्या, असंच काहीतरी साधं असेल."

"तेवढं साधं असतं तर कानावर पडलं असतं, हापिसर."

त्यानंतर ते नाट्यगृहात आले नाहीत; धाप वाढली म्हणून त्यांना इस्पितळात ठेवलं होतं. दिग्दर्शिकेने मला फोन करून सांगितलं, की तिने खूप ठिकाणी विचारलं, पण त्या मूळ प्रयोगातलं आता दुसरं कुणी हयात नाही. इस्पितळात मी दोरीवाल्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नुसते डोळे मिटले. पुढे करण्यासारखं काही नाही म्हणून डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवलं.

त्यांचं घर म्हणजे मुलीचं घर. तिसरा मजला, दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मुलगी लोकांचे कपडे इस्त्री करते, आतल्या खोलीत त्यांचा पलंग. मी गेलो की ती इस्त्री उभी करून ठेवायची आणि स्टूल पुढे सरकवायची. एकदा धीर करून मी तिला हळूच विचारलं, "तुमची आई घरी कधी नाटकातलं काही म्हणायची का हो?"

"आई?" ती हसली. "आईचा कसला संबंध नाटकाशी, काका? नाटकात बाबा होते. आई घरीच असायची. नाटकाचं नाव काढलेलं खपायचं नाही तिला."

आतून खोकल्याचा आवाज आला. त्यांनी ऐकलं असावं. मी पुढे काही विचारलं नाही.

शेवटचा गेलो तेव्हा मुलगी कपडे पोचवायला निघत होती. "मी परत येईपर्यंत बसाल का?" म्हणाली. पण थोड्या वेळाने दोरीवालेच म्हणाले, "जा तुम्ही आता. मी झोपतो." चेहरा अगदी लहान झाला होता. उशीवर मान एका बाजूला कललेली होती, आणि मला त्यांचा एकच कान दिसत होता. मी उठलो, चपला घातल्या, बाहेरच्या दाराशी गेलो. काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण मला असल्या वेळी काही सुचत नाही.

"कडी लावायची का बाहेरून?" मी विचारलं.

"नको. नुसतं लोटून घ्या."

"बरं."